कप्तानाचं वय

सुरुवातीला एक गणित घालतो. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर जहाजाच्या कप्तानाचं वय किती?

तुम्ही हसलात. १९७९ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या संशोधकांनी हेच गणित प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना घातलं, तेव्हा त्यांतली ७६ मुलं हसली नाहीत. त्यांनी आकडेमोड केली आणि उत्तर दिलं. २६ आणि १० मिळवले की ३६ होतात, आणि कप्तानाला ते वय शोभतंही!

ही मुलं मठ्ठ होती का? मला उलट वाटतं. शाळा नावाचा खेळ त्यांना पक्का कळला होता. गणित घातलंय म्हणजे उत्तर असणारच, दिलेले आकडे वापरायचेच, आणि ‘बाई, तुमचा प्रश्नच चुकलाय’ असं म्हणायचं नाही. हे त्यांना कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नव्हतं. आपण शिक्षक कुठल्या उत्तराला मान डोलावतो आणि कुठल्या उत्तराला कपाळाला आठ्या घालतो, हे बघून मुलं शिकतात. पुढे ती प्रश्न वाचायचा सोडतात आणि आपला चेहरा वाचतात.

अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातल्या संवादांच्या ध्वनिफिती ऐकून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात? जेमतेम १ सेकंद. तेवढ्यात आठवेल ते सांगता येतं, विचार नाही करता येत. हाच वेळ ३ सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरं लांबली, ‘येत नाही’ म्हणणं कमी झालं, आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. मुलाचं बोलून झाल्यावरही थांबायचं. आपण लगेच ‘शाब्बास’ म्हणतो ना, तिथेच विचार संपतो. कौतुकसुद्धा दार लावून घेऊ शकतं.

आता कुणीतरी विचारेल, म्हणजे मुलं म्हणतील ते सगळं बरोबर धरायचं का? मुळीच नाही. चूक ती चूकच. फक्त ती कुठून आली हे आधी बघावं.

माझ्याकडे एका मुलानं लिहिलं होतं, ०.१२ हे ०.९ पेक्षा मोठं. पूर्वी मी लाल फुली मारून मोकळा झालो असतो, कितीतरी वर्षं तेच केलं. त्या दिवशी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, ‘१२ हे ९ पेक्षा मोठे नाहीत का?’ म्हणजे उत्तर ठोकून दिलेलं नव्हतं. त्याच्याकडे नियम होता, पूर्णांकांच्या राज्यात तो अगदी चोख चालत आला होता. तो खोडून काढण्याऐवजी मी म्हटलं, मग ०.९ मोठं की ०.९०?

तो पेन्सिल चावत बसला. माझ्या जिभेवर स्पष्टीकरण अगदी तयार होतं. ते गिळणं किती अवघड असतं, हे शिक्षकांना सांगायला नको. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘माझ्या हिशेबानं ०.९० मोठं यायला पाहिजे. पण सर, ते शून्य तर नुसतंच येऊन बसलंय.’

आणि त्यानं स्वतःच वही पुढे ओढली.