चारच्या आधी सात

पडद्यावर दहा आकडे दिसत आहेत: १, २, ३, ७, ८, ९, ४, ५, ६, १०. एका संगणकाने दहा पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे क्रमांकित तुकडे, ओळीने पाठवली आणि दुसऱ्या संगणकाच्या हाती ती या क्रमाने पडली. त्यांतले एकही हरवलेले नाही, तरीही पाठवणाऱ्याचा वेग आता निम्म्यावर येणार आहे.

तिसरे पॅकेट मिळाल्यावर स्वीकारणारा संगणक ‘आता चौथे हवे’ अशी पोच देतो. मग सातवे येते, तेव्हाही तो तीच पोच देतो. आठव्याला तीच आणि नवव्यालाही तीच. एकच पोच अशी तीनदा परत आली, की टीसीपीच्या, म्हणजे दोन संगणकांमधल्या खात्रीच्या देवाणघेवाणीच्या नियमावलीच्या, रूढ नियमाप्रमाणे पाठवणारा चौथे पॅकेट हरवल्याचे गृहीत धरतो, ते पुन्हा पाठवतो आणि वाटेत कोंडी झाली असावी म्हणून आपला वेग निम्मा करतो. खरे चौथे पॅकेट त्या वेळी दाराशी येऊन पोचलेले असते. पॅकेटे क्रमानेच पोचतील, अशी हमी पॅकेटे पत्त्यावर नेणाऱ्या इंटरनेट प्रोटोकॉलने १९८१ सालच्या दस्तऐवजातही दिली नव्हती. क्रम लावण्याचे काम टीसीपीकडे होते.

या दहांपैकी क्रम नेमका कोणाचा चुकला? सातवे घुसले असे प्रथमदर्शनी वाटते. २००६ साली आरएफसी ४७३७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने मोजणीची जी व्याख्या ठरवली, तिच्यानुसार मात्र आधीच येऊन गेलेल्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाचे पॅकेट मागाहून आले, तर तेच क्रम चुकलेले मानायचे. म्हणजे दोष ४, ५ आणि ६ यांच्याकडे जातो. ही निवड मला योग्य वाटते, कारण सातवे येते त्या क्षणी चौथे हरवले आहे की नुसते रेंगाळले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

मोजणी करणे एक आणि कारण शोधणे दुसरे. संगणकशास्त्रज्ञ व्हर्न पॅक्सन यांनी १९९४ आणि १९९५ च्या अखेरीस, दोन फेऱ्यांमध्ये, ३५ ठिकाणांच्या दरम्यान सुमारे २०,००० वेळा फाइली पाठवून दोन्ही टोकांना प्रत्येक पॅकेटची वेळ टिपली. पहिल्या फेरीत ३६ टक्के जोडण्यांमध्ये निदान एक तरी पॅकेट क्रम सोडून पोचले होते, तर दुसऱ्या फेरीत हे प्रमाण १२ टक्के भरले. या टक्केवारीपेक्षा त्यांच्या आलेखांकडे पाहावे. एका आलेखावर पॅकेटांचे ठिपके वेगवेगळ्या चढाच्या दोन रेषांमध्ये विभागलेले दिसतात. पॅक्सन यांनी त्याचा उलगडा असा केला: मार्गांची नवी माहिती हाताळण्यात गुंतलेल्या राउटरने (पॅकेटांना पुढच्या वाटेवर धाडणाऱ्या यंत्राने) पॅकेटे पुढे सोडणे काही काळ थांबवले आणि त्यामुळे रांग साचली, काम उरकल्यावर नव्याने येणारी पॅकेटे तो आल्याआल्या पुढे धाडू लागला आणि रांगेतली जुनी पॅकेटे त्यांच्या अधूनमधून सावकाश बाहेर पडली. ठिपक्यांच्या चढावरून राउटरच्या पोटात काय घडले ते ताडता आले, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर निरीक्षण वाटते.

जॉन बेनेट, क्रेग पार्ट्रिज आणि निकोलस शेक्टमन यांनी डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अमेरिकेतील मे-ईस्ट या, वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणाऱ्या, अदलाबदल केंद्राकडे बोट दाखवले. तिथल्या स्विचमध्ये अनेक समांतर तारा मिळून एकच जोडणी मानली जात असे आणि जी तार मोकळी असेल तिच्यावर पुढचे पॅकेट टाकले जाई. दोन शेजारी पॅकेटे दोन तारांवर गेली, की मागचे पुढे निघण्याची वाट मोकळी होते. असे होणे हा जाळ्यातला बिघाड नव्हे, तर यंत्रांतील समांतर रचनेचा स्वाभाविक परिणाम आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

तरी एक अडचण उरली. पिंगसारख्या, पॅकेट पाठवून त्याचे उत्तर परत येण्याची वाट पाहणाऱ्या, चाचणीत क्रम जाताना बिघडला की परतताना, ते कळत नाही. जॉन बेलार्डो आणि स्टीफन सॅव्हेज यांनी २००२ साली त्यावर तोड काढली. त्या काळी पुष्कळ संगणक आपण पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटवर एकाने वाढणारा ओळख क्रमांक घालत. एकाच संगणकाशी दोन जोडण्या उघडून प्रत्येकीवर एक पॅकेट पाठवले, की आलेल्या दोन पोचांवरील ओळख क्रमांकांवरून तिकडे आधी कोण पोचले ते समजे आणि पोचा हाती येण्याच्या क्रमावरून परतीची वाट कळे. समोरच्या संगणकावर काहीही बसवावे लागत नसे. पॅकेटांमध्ये पन्नासएक मायक्रोसेकंदांचे अंतर ठेवले, की उलटापालट झपाट्याने घटते, हेही त्यांना दिसले. म्हणूनच, पॅकेटे किती अंतराने सोडली हे न सांगता दिलेली टक्केवारी अर्धवट असते.

आजचे राउटर सहसा पत्ते आणि पोर्ट क्रमांकांवरून (संगणकातल्या कोणत्या प्रोग्रॅमसाठी ते सांगणाऱ्या आकड्यांवरून) गणित करून एका जोडणीची सारी पॅकेटे एकाच वाटेने पाठवतात. तरीही मार्ग बदलला किंवा वायफायवर एखादे पॅकेट पुन्हा पाठवावे लागले, तर क्रम मोडू शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरएफसी ८९८५ ने म्हणून केवळ तीन पोचा मोजण्यावर न विसंबता वेळ पाहायला सांगितले. जोडणीवर उलटापालट एकदा आढळली, की पाठवणारा पॅकेट हरवल्याचे ठरवण्याआधी सर्वांत कमी फेरी-वेळेच्या (पॅकेट जाऊन पोच परत येण्याच्या वेळेच्या) साधारण चतुर्थांशाइतका थांबतो, आणि एखादे पॅकेट दोनदा पोचल्याची खबर समोरून आली, तर ही मुदत वाढवतो. अशा जोडणीवर आपले चौथे पॅकेट नवव्यानंतर थोड्याच वेळात पोचले, तर ते पुन्हा पाठवले जात नाही आणि वेगही कमी होत नाही.