इम्प्लांटभोवतीची हिरडी मागे हटली तर

नमस्कार श्रोतेहो. बसवलेला दात घट्ट आहे, दुखतही नाही. पण आरशात पाहिलं की समोरच्या दाताच्या कडेला करडी रेघ दिसते आणि दात शेजारच्यापेक्षा लांब वाटतो. इम्प्लांटभोवतीची, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेल्या स्क्रूभोवतीची, हिरडी मागे हटली आहे. ती झाकून घेण्याची घाई होते, पण ती का हटली हे आधी पाहायला हवं.

हिरडीतून रक्त किंवा पू येत असेल, एक्स-रेत हाड झिजलेलं दिसत असेल, तर पहिला उपचार जंतुसंसर्गावर. कॅप फार फुगीर असेल तर ती बदलावी लागते. आणि स्क्रूच ओठाकडे फार झुकवून बसवला असेल, तर वर कितीही हिरडी चढवा, ती टिकत नाही. तिथे इम्प्लांट काढून, हाड भरून, नव्याने बसवणंच बरं. ऐकायला कठोर वाटतं, पण खरं आहे.

स्क्रू जागेवर आहे, हिरडी मात्र पातळ आहे, तिथे शस्त्रक्रिया कामी येते. टाळूतून, सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या भागातून, साधारण दीड मिलिमीटर जाडीचा आतला थर काढतात. इम्प्लांटवरची हिरडी सोडवून हा तुकडा तिच्याखाली ठेवतात आणि हिरडी पुढे ओढून बारीक टाके घालतात. हिरडी पुरती सैल केली नाही, तर ताणाने टाके हिरडी कापत सुटतात आणि तुकडा उघडा पडतो.

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, मुळाभोवतीच्या पडद्यातून रक्तही मिळतं. इम्प्लांटला दोन्ही नाही. त्यामुळे शंभर टक्के झाकण्याची हमी कुणी देऊ नये.

दाढेकडे ब्रश लागताच झोंबत असेल, तर टाळूची वरच्या थरासकट पट्टी लावतात. ती घट्ट असते, पण ठिगळासारखी फिकी दिसते. समोरच्या दातांना नको. कोलॅजनचा तयार तुकडाही मिळतो. त्याने टाळूची जखम वाचते, पण जाडी सहसा कमी मिळते. तो अनेकदा डुकराच्या ऊतीपासून बनलेला असतो, आधी विचारून घ्या.

टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर मिसळीची तर्री, चिवडा, पापड बंद. त्या जागी दोन-तीन आठवडे ब्रश नको, डॉक्टर सांगतील तशा क्लोरहेक्सिडिनच्या चुळा भरा. मिश्री, तंबाखू, सिगारेट आधीपासूनच सोडा. रक्तपुरवठा घटला की तुकडा जगत नाही. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी द्राक्षछाटणीचे दिवस टाळूनच तारीख घ्यावी, म्हणजे तपासणी चुकणार नाही. आणि टाके कसे दिसतात म्हणून ओठ वर ओढून पाहू नका; त्या एका ओढीनेही ते सुटू शकतात.