अकरा खुर्च्यांचं साळिंदर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'स्टुडिओत शिरलेला परका माणूस'. त्याकडे येतोच. माझ्यानंतर 'बिहाइंड द स्क्रीन' दाखवणार आहेत. चॅप्लिनच्या म्युच्युअल कंपनीसाठीच्या बारा फिल्म्सपैकी ही सातवी, नोव्हेंबर १९१६ ची, दोन रिळांची. चार्ली स्टुडिओतला हरकाम्या, नाव दावीद. त्याचा वरिष्ठ एरिक कॅम्बेल, नाव अर्थातच गल्याथ, बायबलात दावीदाशी लढणारा धिप्पाड गडी. नटी व्हायला आलेली एडना पर्व्हायन्स. इथे बसलेल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी पाहिलेली असणार. प्रश्न एवढाच, की कुठल्या वेगानं पाहिली?

हसू नका. सगळी गोम तिथेच आहे. 'मूकपटातली माणसं अशी तुरुतुरु का चालतात हो?' हा प्रश्न ज्याला कधी कुणी विचारला नाही, त्यानं हात वर करावा. नाही ना कुणी? त्या बिचाऱ्यांना तुरुतुरु आपणच चालवलंय.

हिशोब सोपा आहे. कॅमेरा हातानं फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे फिल्मवरची आठ सुटी चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटातही सोळाच फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. रीळ जास्तीत जास्त १,००० फुटांचं. दोन रिळांची फिल्म १,८०० फूट भरली असं धरा: २८,८०० फ्रेम. सेकंदाला १६ नं दाखवली तर ३० मिनिटं, २० नं २४ मिनिटं, आणि बोलपटाच्या २४ च्या वेगानं २० मिनिटं. जी माणसं अर्ध्या तासात जगली त्यांना आपण वीस मिनिटांत उरकतो आणि वर म्हणतो, काय ही घाई!

आता कुणी शहाणा म्हणेल, मग १६ नंच दाखवा. तेही चूक. विनोदी पळापळीत कॅमेरामन मुद्दाम हँडल हळू फिरवायचा, बारा-चौदापर्यंत, म्हणजे पडद्यावर धावाधाव आपोआप वाढायची. त्यात थिएटरातले ऑपरेटर घेतल्या वेगापेक्षा जरा जलदच दाखवायचे, आणि फिल्म करणाऱ्यांना ते ठाऊक असायचं. थोडी घाई मूळ बेतातच आहे, मिठासारखी. मीठ हवं म्हणून मिठाची बरणी ओतायची नसते. या फिल्म्सना २० च्या आसपासचा वेग मानवतो.

खरा घोळ १९३२ नंतर झाला. व्हॅन ब्यूरेन कंपनीनं या बाराही फिल्म्स प्रत्येकी दहा हजार डॉलरना घेतल्या, त्यांना संगीत आणि ठोकाठोकीचे आवाज चिकटवले आणि बोलपट म्हणून पुन्हा बाजारात आणल्या. आवाजाची पट्टी फिल्मवर चित्राच्या डाव्या कडेला बसते. मूकपटाचं चित्र मात्र पूर्ण रुंदीचं. ते लहान करून न छापता पट्टी बसवली की डावी कड गेलीच. म्हणजे डावीकडून येणारा माणूस उशिरा दिसतो, आणि विनोदात उशिरा दिसणं म्हणजे न दिसणं. पुढे घरोघरी, क्लबांत फिरलेल्या कित्येक प्रती याच वंशातल्या.

दुसरा एक उपाय निघाला तो आणखी भीषण. प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा छापायची, म्हणजे सोळाच्या चोवीस होतात आणि वेग कागदावर बरोबर येतो. पण अर्ध्या सेकंदाची आपटी घ्या. मुळात आठ फ्रेम, आता बारा, त्यातल्या चार शिळ्या. माणूस पडत नाही, लंगडत लंगडत खाली येतो. चॅप्लिन एकाच पडण्याचे टेकवर टेक घ्यायचा, ते या लंगडीसाठी नव्हे.

(चिठ्ठी आलीय, 'पंधरा मिनिटं'. ठीक आहे.)

वेगाचा एवढा काथ्याकूट का केला? कारण माझं म्हणणं असं, की पडद्यावर जिथे नुसता गोंधळ दिसतो तिथे आत त्रैराशिक असतं. या फिल्ममधला कुऱ्हाडीचा प्रसंग घ्या. म्हणजे तुम्ही तो बघणारच नाही आहात, अंतिम फिल्ममध्ये तो ठेवला नाही. वगळलेल्या तुकड्यांत तो सापडला, आणि केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये 'अननोन चॅप्लिन' या माहितीपटात दाखवला. चार्ली चालतोय आणि कुऱ्हाड दर वेळी त्याच्या बोटांशेजारी आदळतेय. अंगावर काटा येतो. युक्ती अशी, की हे उलटं चित्रित केलंय. पातं आधी बुटाशेजारी टेकवायचं, मग वर उचलायचं, आणि नटानं मागे मागे चालायचं. पडद्यावर सगळं सुलट. यात फसतं काय? चाल. सुलट चालताना टाच आधी टेकते, उलट चालताना चवडा. तो क्रम शरीरानं उलटा घोकला नसेल तर बघणाऱ्याला लगेच काहीतरी खटकतं.

आता पाय. आपला पाय नव्हे, इंग्रजांचा 'pie', गोड सारणाचा, खायचा सोडून तोंडावर मारायचा. या फिल्ममध्ये विनोदी खात्यात एका 'नव्या कल्पनेची' तालीम चाललीय अशी पाटी येते, आणि ती नवी कल्पना म्हणजे पायफेक! १९१६ मध्येच ती शिळी झाली होती, टोमणा तोच आहे. पण या पायचीही एक पाककृती आहे. चॅप्लिनच्याच काळातला विनोदी नट बस्टर कीटन, त्यानं आपल्या आत्मचरित्रात ती दिलीय. आधी नुसतं कवच भाजायचं, तेही दुहेरी, दोन्हींच्या मध्ये कणकेची खळ, म्हणजे हातात भुगा होत नाही. आत पीठ-पाण्याचा इंचभर चिकट थर, म्हणजे तो चेहऱ्याला धरून राहतो. वर काय घालायचं ते समोरच्याच्या केसांवर. सोनेरी केसांच्या बाईला ब्लॅकबेरी आणि वर फेटलेली साय, काळ्या केसांच्या बाईला पांढरं लेमन मरँग. कारण उघड आहे, गोऱ्यावर पांढरं मारून दिसणार काय? त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसायचाच नाही, तो काळा पडायचा. त्यामुळे ब्लॅकबेरीचा रस डांबरासारखा उठायचा. आणि नेम चुकला तर पोशाख, रंगभूषा, भिंत, सगळं धुवून पुन्हा पहिल्यापासून.

या फिल्ममध्ये फेकलेले पाय शेजारच्या ऐतिहासिक नाटकाच्या सेटवर जाऊन राजाराणीला लागतात. ते शक्य झालं, कारण आवाज मुद्रित होत नव्हता. एका सेटवर राजदरबार, लगेच पलीकडे धिंगाणा. बोलपट आल्यावर जाड भिंती आल्या आणि हा विनोदच बंद पडला.

('पाच मिनिटं'. बरं बरं.)

तर आता विषय. परका माणूस. जेवणानंतर झोपलेल्या कामगारांना उठवलं म्हणून ते संपावर जातात. नटी म्हणून नकार मिळालेली एडना टोपी आणि विजार चढवून पोऱ्या म्हणून आत येते, आणि चार्ली सोडला तर कुणी तिला ओळखत नाही. (त्याच सुमारास आपल्याकडे उलटी गंगा होती. उपाहारगृहात नोकरी करणारे साळुंके फाळक्यांच्या चित्रपटात तारामती झाले आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही.) चार्ली अकरा खुर्च्या एकात एक अडकवून पाठीवर घेतो. चहूबाजूंनी खुर्च्यांचे पाय बाहेर, साक्षात साळिंदर. सगळं काम तो करतो, पण साहेब डोकावतो नेमका तेव्हा जेव्हा गल्याथ हलतोय आणि हा टेकलाय. म्हणजे वेंधळा ठरलेला माणूस खरा कारागीर आहे, चूक बघणाऱ्याच्या नजरेत आहे. टोपी दिसली की पोऱ्या, आडवा दिसला की आळशी.

वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, थ्री स्टूजेस या अमेरिकी विनोदी त्रिकुटाची 'मूव्ही मेनियाक्स' येते. दिग्दर्शक डेल लॉर्ड. तिघे चोरून मालगाडीच्या डब्यातून हॉलीवूडला पोचतात, स्टुडिओत घुसतात, आणि तारेनं कळवलेले न्यूयॉर्कचे नवे साहेब तेच असं समजून त्यांच्या हाती कारभार दिला जातो. खरे दिग्दर्शक वैतागून निघून जातात आणि तिघांतला मो दिग्दर्शक होतो. हे हवेतलं नव्हतं. मंदीत पॅरामाउंट ही चित्रपट कंपनी १९३३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आरकेओ या दुसऱ्या कंपनीवर कोर्टाचा रिसीव्हर, म्हणजे कारभार बघणारा माणूस, बसला, १९३५ मध्ये फॉक्स आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी या कंपन्यांचं विलीनीकरण झालं. पूर्वेकडचे पैसेवाले येऊन सिनेमा चालवू लागले होते, त्यांचे चेहरे कुणाला ठाऊक नव्हते. १९१६ मध्ये परका संपाच्या फटीतून शिरला, डोक्यावर टोपी घालून. १९३६ मध्ये तो तारेच्या जोरावर खुर्चीतच जाऊन बसला. ओळखपत्र तेव्हा टोपी, नंतर तार. दाराशी बघितलं दोन्ही वेळा तेवढंच. यावर अजून एक मुद्दा होता, स्टूजेसच्या थपडांच्या आवाजाचा, पण तो राहू द्या, दाराशी चहा आलाय असं दिसतंय.

ऑपरेटरसाहेब, वीसनं लावा. आणि तुम्ही, मंडळी, डाव्या कडेकडे लक्ष ठेवा. प्रत कुठल्या घराण्यातली आहे ते दोन मिनिटांत कळेल.