पहिल्या लक्षणाच्या आधी: मल्टिपल स्क्लेरोसिसची चाहूल देणाऱ्या खुणा

श्रोतेहो, पंचविशीतली एक तरुणी तपासणीला येते. दोन दिवसांपासून डावा डोळा फिरवला की आतून दुखतो, आणि त्या डोळ्याने पाहिले तर लाल रंग धुऊन निघाल्यासारखा फिका दिसतो, असे ती सांगते. डोळ्याच्या नसेला सूज आलेली असते. ही सूज बहुधा काही आठवड्यांत उतरते आणि नजरही पुष्कळशी परत येते. त्यानंतर ती जो प्रश्न विचारते, त्यासाठी आजचे हे व्याख्यान आहे: "डॉक्टर, मला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस होणार का?"

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, पाठीचा मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे चट्टे पडतात. कुणाला हा आजार होईल, हे आधी सांगू शकणारी आणि शरीरात मोजता येणारी खूण म्हणजे आपण ज्याचा शोध घेत आहोत तो बायोमार्कर.

त्या तरुणीसाठी सर्वांत उपयोगी खूण आजही एमआरआयच आहे. डोळ्याच्या नसेला पहिल्यांदाच सूज आलेल्या रुग्णांचा अमेरिकेत 15 वर्षे पाठपुरावा झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही चट्टा नसलेल्यांपैकी सुमारे 25 टक्क्यांना पुढे हा आजार झाला. एक किंवा अधिक चट्टे असलेल्यांमध्ये हे प्रमाण 72 टक्के निघाले. डोळ्याची तक्रार दोघांची एकच, पण पुढची वाट किती वेगळी! तरीही स्वच्छ एमआरआय म्हणजे अभयदान नव्हे, हे त्या 25 टक्क्यांकडे पाहून रुग्णाला प्रामाणिकपणे सांगावे लागते.

दुसरी खूण पाठीतून काढलेल्या पाण्यात, म्हणजे मेंदू-मज्जाद्रवात सापडते. या द्रवातील प्रतिपिंडांचे प्रमाण या आजारात वाढलेले असते, हे अमेरिकी संशोधक एल्विन काबट यांनी 1942 मध्ये दाखवून दिले. आज प्रयोगशाळेत त्याच रुग्णाचे रक्त आणि हा द्रव जेलच्या पट्टीवर शेजारी शेजारी ठेवून विजेच्या दाबाखाली त्यांतील प्रथिने वेगळी केली जातात. रक्ताच्या रांगेत एकसारखा धूसर पट्टा दिसतो, आणि शेजारच्या रांगेत मात्र बारीक, ठळक रेघा उमटतात. रक्तात नसलेल्या आणि द्रवात असलेल्या या रेघांचा अर्थ असा, की प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींनी मेंदूच्या परिसरातच मुक्काम ठोकला आहे. यांना ऑलिगोक्लोनल पट्टे म्हणतात. या आजाराच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या मॅकडोनाल्ड निकषांनी, 2017 च्या सुधारणेत, या पट्ट्यांना असे वजन दिले, की इतर अटी जुळत असतील तर दुसऱ्या झटक्याची, म्हणजे लक्षणे पुन्हा उफाळण्याची, वाट न पाहता निदान करता येते.

आतापर्यंत आपण ज्याला पहिला झटका येऊन गेला आहे अशा माणसाविषयी बोललो. त्याहीआधी काय घडत असते? याचे उत्तर अनपेक्षित जागी मिळाले. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांचे रक्त ठराविक काळाने घेतले जाते आणि त्यातील सीरम, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, गोठवून जपून ठेवले जाते. पुढे ज्या सैनिकांना हा आजार झाला, त्यांचे अनेक वर्षांपूर्वीचे नमुने संशोधकांना बाहेर काढून तपासता आले. तंतूंना इजा झाली की त्यांच्या आतल्या सांगाड्याचे न्यूरोफिलामेंट लाइट नावाचे प्रथिन रक्तात झिरपते. 2020 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रथिन पहिल्या लक्षणाच्या साधारण सहा वर्षे आधीच वाढलेले आढळले. म्हणजे ज्या दिवसाला आपण आजाराची सुरुवात म्हणतो, त्याच्या कितीतरी आधीपासून तंतू झिजत होते. म्हणून या खुणेला भाकीत म्हणताना मी जरा अडखळतो. ती न झालेल्या आजाराची सूचना देत नाही. सुरू झालेला आणि अजून कुणाला न दिसलेला आजार दाखवते.

एपस्टाइन-बार या सर्रास आढळणाऱ्या विषाणूचा या आजाराशी संबंध आहे का, याचे मोठे उत्तर 2022 मध्ये याच साठ्यातून आले. पुढे आजार झालेल्या 801 जणांपैकी फक्त 35 जण पहिल्या नमुन्यात या विषाणूपासून मुक्त होते, आणि त्यांपैकी एक सोडून सर्वांना आजाराच्या आधी संसर्ग झाला. संसर्गानंतर आजाराचा धोका सुमारे 32 पटींनी वाढला. तंतूंच्या इजेची ती खूणही संसर्गानंतरच वर गेली, हे मला या अभ्यासातले सर्वांत बोलके निरीक्षण वाटते. 2024 मध्ये याच साठ्याच्या आधारे असेही दिसले, की सुमारे दहा टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा एक विशिष्ट नमुना लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीपासून असतो.

मग सर्वांचेच रक्त तपासून का टाकू नये? जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना एपस्टाइन-बारचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो, त्यामुळे अहवालात तो असल्याचे आले तरी फारसे काही कळत नाही. रोगप्रतिकारक यंत्रणेशी संबंधित एचएलए जनुकाच्या एका प्रकाराने धोका सुमारे तिपटीने वाढतो, पण तो प्रकार असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. न्यूरोफिलामेंट तर वयाबरोबर वाढते, आणि डोक्याला मार लागला किंवा पक्षाघात झाला तरी वाढते. समजा, दोन्ही बाजूंनी 99 टक्के अचूक अशी एखादी चाचणी मिळाली, आणि हजारात एकाला पुढे हा आजार होणार आहे. एक लाख लोक तपासले तर होणाऱ्या 100 जणांपैकी 99 सापडतील. पण न होणाऱ्या 99,900 जणांपैकी 999 जणांच्या हातीही तोच भीतिदायक अहवाल पडेल. म्हणजे घाबरणाऱ्या दर अकरा जणांपैकी साधारण एकाचीच भीती खरी असेल. आपल्याजवळची कोणतीही एकटी खूण इतकी अचूकही नाही.

म्हणून आज या खुणांची खरी कसोटी एका छोट्या गटात लागते. डोकेदुखीसारख्या दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय होतो आणि त्यात या आजाराचे वाटावेत असे चट्टे दिसतात, पण माणसाला लक्षण एकही नसते. अशांपैकी सुमारे निम्म्यांना दहा वर्षांत पहिला झटका येतो. तरुण वय, मज्जारज्जूतला चट्टा आणि द्रवातले ऑलिगोक्लोनल पट्टे असतील तर शक्यता वाढते. डायमिथिल फ्युमरेट आणि टेरिफ्लुनोमाइड या दोन औषधांनी अशा लोकांमध्ये पहिल्या झटक्याचा धोका स्पष्टपणे घटतो, हे चाचण्यांत दिसले आहे. पण ज्या निम्म्यांना दहा वर्षांत काहीच होणार नाही, त्यांनाही आपण ठणठणीत असताना वर्षानुवर्षे औषध देत राहणार का? यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या त्यांच्या मागे लावणार का? मी स्वतः मज्जारज्जूत चट्टा असेल आणि द्रवात पट्टेही असतील तर औषधाचा विषय लवकर काढतो. एवढे नसेल तर ठरलेल्या अंतराने पुन्हा एमआरआय करू, असे सांगतो, आणि तो निर्णय त्या माणसाबरोबर बसून, त्याच्या भीतीला पुरेसा वेळ देऊन घेतो.