बाव, वहाळ आणि माठाची जुडी

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही मे महिन्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, कित्येक वाड्या टँकरची वाट बघतात. जांभ्यात मुरलेलं पाणी तिथे टिकत नाही. झऱ्यावाटे वहाळात, म्हणजे ओढ्यात, येतं आणि खाडीला मिळतं.

ते वाटेत अडवायचं काम पाऊस सरल्यावर सुरू होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून वहाळात रचायच्या. हा वनराई बंधारा. श्रमदानातून उभा राहतो आणि आसपासच्या बावींचं, म्हणजे विहिरींचं, पाणी पुढे काही आठवडे तरी टिकवतो.

पण बावीत पाणी आहे म्हणजे ते पिण्याजोगं आहे, असं नाही. ही छोटी बाटली बघा, एच टू एस चाचणीची. भरून ठेवलेलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर त्यात मैल्यातले जंतू असण्याची शक्यता मोठी. मग गावचं पाणी सांभाळणारा जलसुरक्षक मापाने टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर टाकतो. पोरांच्या पोषणाचं काम इथूनच सुरू होतं. सारखे जुलाब होणाऱ्या मुलाला कितीही चांगलं खायला घाला, ते अंगी लागत नाही. कुपोषणाबद्दल बोलताना आपण ताटात काय आहे तेवढंच बघतो. बावीत कुणी डोकावत नाही, याचं वाईट वाटतं.

आता वहाळाकाठची ही बाग. महिला बचत गटाने पडीक तुकडा साफ करून केलेली. मोकाट गुरांसाठी आधी वई, म्हणजे कुंपण, घातली, मग वाफे. लाल माठ, मुळा, वाली, कडेला शेवगा. माठ महिन्याभरात काढायला येतो. घरच्या मोरीचं पाणी परसातल्या केळी-अळवाला जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. पालेभाजीतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही. जेवताना लिंबू पिळलं तर जास्त मिळतं, लगोलग चहा घेतला तर कमी. शिवाय घरची बाई शेवटी जेवते, तेव्हा टोपात भाजी उरलेली असते का?

म्हणून बाजारात न्यायच्या जुड्या बांधण्याआधी वाडीतल्या गरोदर आणि बाळंतिणींच्या घरचा वाटा बाजूला काढायला हवा. उरेल ते खुशाल विकावं.