साडेचारची गाडी

(पडद्यावर: चौघांचा बँड वाजवतोय. गिटारची सुरुवातीची सुरावट.)

गिटार ऐका. वाजवलीय लुई शेल्टन यांनी, आणि पडद्यावरच्या चौघांत ते नाहीत. आवाज तेवढा त्यांच्यातल्या मिकी डोलेन्झचा. म्हणूनच 'मंकीज' या बँडच्या गाण्यांना नकली म्हटलं जातं.

१२ सप्टेंबर १९६६ला अमेरिकेत एनबीसी या टीव्ही वाहिनीवर 'द मंकीज' ही मालिका सुरू झाली. बँड मालिकेसाठीच जमवलेला, जाहिरात देऊन निवडलेला. पहिलं गाणं 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' मात्र ऑगस्टमध्येच बाजारात आलं होतं. मालिका लागली तेव्हा लोकांच्या कानावर चाल आधीच पडलेली होती.

गाणं टॉमी बॉइस आणि बॉबी हार्ट यांचं. रेडिओवर बीटल्सचं 'पेपरबॅक रायटर' विरत जाताना हार्ट यांना 'लास्ट ट्रेन' असं ऐकू आलं. शब्द ते नव्हतेच. मग ते आपणच वापरावेत, असं त्यांनी ठरवलं.

आता शब्दांकडे या. एक तरुण फोनवर प्रेयसीला बोलावतोय: साडेचारपर्यंत पोच, सकाळी मला निघायचंय. कॉफी, चुंबनं, स्टेशन. हलकंफुलकं वाटतं. आणि मग एक ओळ येते, की मी परत येईन की नाही, ठाऊक नाही. हा मुलगा सैन्यात निघालाय. व्हिएतनाम युद्धाचं नाव कुठेही नाही. ते असतं, तर गाणं मालिकेत टिकणं कठीण होतं. एवढ्या कमी शब्दांत युद्धाची भीती मांडणं हे पक्क्या गीतकाराचं काम आहे. या गाण्याला नकली म्हणणं अन्यायाचं आहे.

पुढचं 'आय ॲम अ बिलीव्हर' नील डायमंड यांचं. ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

रीत ठरलेली होती: गीतकार चाल बांधणार, स्टुडिओतले वादक ट्रॅक वाजवणार, दिवसभर शूटिंग करून आलेले कलाकार वर आवाज चढवणार. बिनसलं तेही इथेच. जानेवारी १९६७मध्ये दुसरा अल्बम बँडला न विचारताच बाजारात आला. चौघांपैकी मायकेल नेस्मिथ उघड भांडले आणि संगीताची सूत्रं सांभाळणारे डॉन कर्शनर यांना जावं लागलं. मे महिन्यातल्या 'हेडक्वार्टर्स' या अल्बममध्ये चौघांनी बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली.

कर्शनर यांचा पुढचा बँड कार्टूनमधला होता: आर्चीज.

(पडद्यावर: कार्टूनमधला बँड.)

'शुगर, शुगर' लिहिलं जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी, गायलं रॉन डान्टे यांनी. १९६९च्या सप्टेंबरमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच सुमारास यादीत 'ट्रेसी' हे गाणंही वर सरकत होतं. बँडचं नाव कफ लिंक्स. आवाज पुन्हा रॉन डान्टे यांचाच.