मामा, आता पुढं काय खेळू?

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करणारा माझा एक भाचा आहे, आमच्या अक्काचा धाकटा. मागं एका रविवारी तो खानापूरला माझ्या दुकानात आला, स्टूल ओढून बसला आणि घरातलं कुणी गेल्यासारखं तोंड करून म्हणाला, "मामा, विचर संपला."

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुणाचा प्रिंटर अडलेला, कुणाच्या लॅपटॉपवर चहा सांडलेला, असा दिवस जातो. शटर ओढल्यावर तास-दीड तास मी गेम खेळतो. पन्नाशी उलटली तरी हा नाद सुटला नाही, म्हणून घरातली पोरं असली दुःखं माझ्याकडेच घेऊन येतात.

ज्यांना विचर म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. 'द विचर 3' हा पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 2015 सालचा गेम. गावोगाव फिरून पैसे घेऊन भुतंखेतं, राक्षस मारणारा गेराल्ट नावाचा माणूस म्हणजे आपण. याला ओपन वर्ल्ड आरपीजी म्हणतात. ओपन वर्ल्ड म्हणजे समोर डोंगर दिसला तर तो नुसता पडद्यावर रंगवलेला नाही, चालत गेलात तर चढता येतो. आरपीजी म्हणजे एका पात्राच्या अंगात शिरायचं, त्याची विद्या हळूहळू वाढवायची आणि त्याचे निर्णय आपण घ्यायचे. असा गेम दोन तासांत संपत नाही. भाच्यानं कामावरून आल्यावर रोज थोडा थोडा खेळून पाच महिने पुरवला होता.

"आता पुढं काय खेळू? असाच पायजे."

असाच म्हणजे कसा, हे त्याला सांगता येईना. तिथंच तर सगळी गोम आहे. कुणालाही विचारा, पाच नावं एका दमात येतात: स्कायरिम, एल्डन रिंग, रेड डेड, सायबरपंक, झेल्डा. सगळे नावाजलेले, आणि एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. कुंदा आवडला म्हणणाऱ्याला "मग जिलेबी घे, तीही गोडच असते" म्हणण्यातला हा प्रकार.

म्हणून मी त्याला उलटं विचारलं. पाच महिने खेळलास, त्यातलं डोळे मिटल्यावर काय आठवतंय?

मला वाटलं तलवारी सांगेल. तर म्हणाला, "ती विहीर."

ती विहीर मलाही आठवते. गेमच्या सुरुवातीलाच व्हाइट ऑर्चर्ड नावाचा मुलूख लागतो. तिथं एका ओसाड वस्तीतल्या विहिरीपाशी भर दुपारी एक बाई दिसते. ती जिवंत नाही. गेराल्टनं नुसती तलवार चालवून भागत नाही. ती कोण होती, कशी मेली, हे आधी शोधायचं, विहिरीत उतरून तिची बांगडी काढायची आणि तिच्या अस्थींबरोबर जाळायची. स्लाव्ह लोकांच्या जुन्या समजुतींत ही दुपारची बाई आहे. ऐन उन्हात शेतात राबणाऱ्याला ती गाठते म्हणतात. आता आमची आई आम्हाला टळटळीत दुपारी विहिरीकडे फिरकू द्यायची नाही. कारण विचारलं तर सांगायची नाही, नुसतं "जायचं नाही म्हटलं ना!" पोलंडमधल्या पोरांनी आपल्या आज्यांनी घातलेली भीती गेममध्ये घातली, आणि ती इकडं खानापूर तालुक्यात बरोबर लागू पडली.

म्हणजे भाच्याला हवी होती गावं. चिखलाची, कुत्री भुंकणारी, दार लावून घेणाऱ्या माणसांची गावं. मारामारी हे त्यासाठी भरायचं तिकीट.

मग स्कायरिम का नाही? खेळून बघण्यासारखा आहेच. 11 नोव्हेंबर 2011 ला आला, अजून लोक खेळतात. बैलगाडीतून नव्हे, घोडागाडीतून, हात बांधून आपल्याला फाशीच्या... नाही, चुकलो, मुंडकं उडवायला नेत असतात, तेवढ्यात ड्रॅगन येतो आणि गोंधळात आपण सुटतो. गुहेतून बाहेर पडलं की सगळा मुलूख मोकळा. सात हजार पायऱ्यांचा एक डोंगर आहे म्हणतात, मोजल्या तर तेवढ्या भरत नाहीत, ते सोडून द्या. भटकण्यासाठी स्कायरिमसारखा दुसरा मिळणं अवघड. खरं तिथली माणसं पातळ आहेत. चार वाक्यं बोलतात आणि तीच पुन्हा बोलतात. शिवाय तिथं बाण आहे.

या बाणाबद्दल मला जरा बोलायचंय.

हल्लीच्या बहुतेक गेममध्ये काम मिळालं की नकाशावर खूण उठते आणि डोक्यावरच्या पट्टीवर बाण येतो. समोरचा माणूस काय सांगतोय ते ऐकायची गरजच राहत नाही, बाण धरून चालत सुटायचं. काही गेममध्ये तर नकाशावर गोवर उठल्यासारखी चिन्हं असतात. मग तुम्ही जगात नसता, त्या चिन्हांची हजेरी घेत असता. भाचा म्हणाला, बंद करता येतो की बाण. येतो. स्कायरिममध्ये बंद करून बघा, गडी रानात हरवतो, कारण माणसांच्या बोलण्यात पत्ता घातलेलाच नाही. "अमक्या गुहेत जा" म्हणतात, गुहा कुठं ते बाणानं सांगावं अशी रचना. बाण काढल्यावरही चालेल असा गेम मुळातून तसा बांधावा लागतो.

तसा एक होता. स्कायरिम काढणाऱ्या बेथेस्डा कंपनीचाच, 2002 सालचा, मॉरोविंड. त्यात बाण नाहीच. माणूस सांगतो, पूल ओलांड, नदीच्या काठानं उत्तरेला जा, दोन खडकांमधून वाट फुटेल, आणि हे सगळं तुमच्या वहीत उतरून राहतं. कधीकधी सांगणाऱ्याचंच चुकतं. आता सांगा, जांबोटीच्या पुढच्या एखाद्या गावात लग्नाला जाताना आपण काय ऐकतो? "मोठं फणसाचं झाड लागलं की उजव्या हाताला कच्चा रस्ता धरा, ओढा लागला तर चुकलात म्हणून समजा." तस्संच. मॉरोविंडमध्ये गावातून गावाला जायला सिल्ट स्ट्रायडर नावाचा घराएवढा किडा असतो, त्याच्या कवचात बसून जायचं. पण प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला सोय नाही. मध्ये उतरून बदलावं लागतं, लोंढ्याला गाडी बदलल्यासारखं. दहा-पंधरा तासांनी तो मुलूख मला पाठ झाला होता. स्कायरिममध्ये शंभर तास काढूनही झाला नाही.

दिसायला मॉरोविंड आता फार जुना दिसतो, तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाते तरी लागत नाही, कारण वार लागणार का नाही ते ठरवायला आत फासे पडत असतात. भाच्यानं पाच मिनिटं बघितलं आणि नाक मुरडलं. चूक त्याची नाही, विचरवर डोळे सरावलेले.

म्हणून मी त्याला तिसराच सुचवला. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'. प्रागच्या वॉरहॉर्स कंपनीनं 2018 मध्ये काढलेला. 1403 सालचा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशातला खराखुरा मुलूख. भुतं नाहीत, जादू नाही. आपण हेन्री, लोहाराचा पोरगा. गाव जाळून टाकलेलं, आईबाप मारले गेलेले. आणि अंगात कला कुठलीच नाही. पहिले काही तास कुणीही दोन तडाखे देऊन लोळवतो. जेवावं लागतं, झोपावं लागतं, पिशवीतलं अन्न नासतं. अंगाला रक्त-चिखल असताना मोठ्या माणसापुढं गेलात तर तो नीट बोलत नाही.

आणि या हेन्रीला वाचता येत नाही.

पुस्तक उघडलं तर पानावर अक्षरं असतात, पण शब्दांतली उलटसुलट झालेली. एका गावातल्या लेखनिकाकडे जाऊन शिकायचं, मग सराव वाढेल तशी अक्षरं एकेक करून जागेवर बसायला लागतात. मी पहिल्यांदा ते पान उघडलं आणि कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड कानाला कळायचं, बोलायचोही मोडकंतोडकं, पण बसची पाटी म्हणजे नुसत्या वेटोळ्या. स्टँडवर उभं राहून दर गाडीला कंडक्टरला विचारायचं, आणि तो कावलेला असायचा. पुढं दुकान काढल्यावर गिऱ्हाइकांचे अर्ज छापता छापता अक्षरं ओळखीची झाली. कुणाला न विचारता मी वाचलेली पहिली पाटी नंदगडची. गाडी मला पकडायची नव्हती, तरी उगाच चढावंसं वाटलं होतं. चारशे रुपये, हजार रुपये, दोन हजार रुपये घालून लोक गेममध्ये जादूचे डोंगर बघतात. मला त्या एका पानानं पैसे फिटले.

त्याचा एक जाच मात्र सांगून ठेवतो. या गेममध्ये हवं तेव्हा सेव्ह करता येत नाही. आपल्या बिछान्यात झोपलात तर होतं, काही ठरावीक प्रसंगी आपोआप होतं, गेम बंद करून बाहेर पडताना होतं, एरवी एक दारूची बाटली खर्चावी लागते आणि ती सुरुवातीला परवडत नाही. कल्पना चांगली आहे, जपून वागायला लावते. जुलै महिन्यात, धो धो पावसात, खानापुरात मात्र ती चांगली राहत नाही. मी सव्वा तास खपून एक चोर शोधून काढला होता, कबुली घ्यायला तोंड उघडलं आणि वीज गेली. यूपीएस गिऱ्हाइकाला दिलेला. दुसऱ्या दिवशी तो चोर पुन्हा शोधायचं धाडस झालं नाही, अजून मोकळा फिरतोय.

आता पोरं म्हणतात नकाशा मोठा पाहिजे. 1996 मध्ये डॅगरफॉल आला, त्याचा मुलूख ग्रेट ब्रिटनएवढा म्हणून गाजला होता, ठिकाणं पंधरा हजारांच्या घरात. कॉम्प्युटरनं सूत्रावर पाडलेली. एक गाव बघितलं की पुढची शंभर बघितली. उलट 2001 मधला जर्मन गेम गॉथिक घ्या. सगळा मुलूख आपल्या यळ्ळूर शिवारात मावेल एवढा. पण कुणाच्या झोपडीत न विचारता शिरलात की तो ओरडतो, बाहेर नाही गेलात तर बडवतो. मला गॉथिकमधली वळणं अजून आठवतात.

लॅपटॉप जुना असलेल्यांनीही निराश होऊ नये. दुकानात येणारे निम्मे लॅपटॉप ग्राफिक कार्डाशिवायचे असतात. त्यांच्यासाठी तुर्कस्तानातल्या मंडळींनी 2010 मध्ये केलेला 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' आहे. त्यात लिहिलेली कथाच नाही. गावात जायचं, चार पोरं गोळा करायची, त्यांना खायला घालायचं, आठवड्याला पगार द्यायचा. पगार थकला की सैन्याचं तोंड वाकडं. धंदा करणाऱ्याला यातलं दुःख लगेच कळतं.

एल्डन रिंगबद्दल मी काही बोलणार नाही. 2022 चा तो गेम थोर आहे असं भाचा म्हणतो, मी पहिल्याच घोडेस्वारापुढं एकोणतीस वेळा मेलो आणि उठून दूध आणायला गेलो.

मोबाइलवाल्यांना एक सांगणं. गेन्शिन इम्पॅक्ट फुकट आहे आणि दिसतोही देखणा, पण त्यात हवं ते पात्र मिळण्यासाठी सोडत काढल्यासारखं नशीब लावावं लागतं, आणि खेळून मिळालेल्या सोडती संपल्या की पैसे लागतात. घरातल्या पोरांच्या हातात फोन असेल तर त्याला कार्ड जोडलेलं नाही ना, एवढं बघा. आणि विचर काय, किंगडम कम काय, युरोपात हे अठरा वर्षांवरच्यांसाठी ठरवलेले आहेत. दहावीच्या पोरानं हट्ट धरला तर मामाचं नाव सांगू नये.

विकत घेताना स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. माझं मत, या दोन तासांत गेम आवडतो की नाही ते बघायला जाऊच नका. असल्या गेमचे पहिले दोन तास म्हणजे मांडव घालणं. तेवढ्यात आपल्या मशीनवर तो चालतो का, अडखळतो का, पंखा विमानासारखा ओरडतो का, एवढंच बघून घ्या.

मला स्वतःला हवा तो गेम अजून कुणी केलेला नाही. पुण्यातल्या नोडिंग हेड्स कंपनीनं 2020 मध्ये 'राजी' काढला, आपल्याकडच्या देवळांचा, रंगांचा, मन लावून केलेला. पण तो सरळ वाटेनं जातो, भटकू देत नाही. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी सुरुवात व्हावी, भीमगडाच्या रानात रात्र पडावी, एका गावात मराठीत पत्ता विचारावा तर पुढच्यात कन्नडमध्ये, चोर्ला घाट उतरला की कोंकणीत, आणि प्रत्येक भाषा येईल तसे लोक जरा जास्त सांगावेत. चहा पिता पिता मी हे भाच्याला सांगत बसलो, त्यानं तोवर किंगडम कम पेनड्राइव्हवर मागितला. मी म्हटलं विकत घे, सेल लागलाय.

परवा रात्री साडेअकराला फोन. मला वाटलं अक्काला बरं नाही.

"मामा, झोपलास काय? अरे, ह्याला वाचाय येईना. तो शिकवणारा कुठल्या गावात असतोय?"

"तू काय करूलालास आत्ता?"

"पुस्तक धरून उभारलोय."

"मग गावात कुणाला तरी विचार की."

तिकडून काही आलं नाही, नुसता पंखा ऐकू येत होता.

नमस्कार.